शब्द कळतात, बोलणं कळत नाही: रोजच्या गप्पांतली इंग्रजी कशी शिकावी

परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर माझा पहिलाच कॉल होता. तासभर सगळं नीट चाललं होतं. शेवटी त्यांच्यातला एक जण म्हणाला, "वी आर रनिंग आउट ऑफ टाइम, सो लेट्स वाइंड अप." रन, आउट, टाइम, अप हे सगळे शब्द मला प्राथमिक शाळेपासून माहीत होते. तरी त्या वाक्यातून हाती काही लागलं नाही. मी पुढचा मुद्दा मांडायला लागले आणि बाकीचे निरोप घ्यायला लागले. वेळ संपत आलाय, आवरतं घेऊ, एवढंच तो म्हणाला होता.

व्याकरण बरं, वाचन बरं, शब्दसंग्रहही बरा आणि तरीही चारचौघांच्या गप्पांत अडखळायला होतं, अशी तुमची स्थिती असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी दोन वर्षं इडियमच्या याद्या पाठ करण्यात घालवली आणि त्यातलं जवळजवळ काहीच तोंडी आलं नाही. नंतर पद्धत बदलली, तेव्हा काही महिन्यांत फरक दिसला. ती पद्धत क्रमाने सांगते.

हाताशी काय हवं

- शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यांत अर्थाशेजारी 'इन्फॉर्मल', 'स्लँग', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ऑफेन्सिव्ह', 'ब्रिटिश', 'अमेरिकन' असे शेरे असतात. अर्थाइतक्याच काळजीने ते शेरे वाचा.
- यूग्लिश हे संकेतस्थळ. एखादा प्रयोग टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंत माणसं तो जिथे बोलली आहेत, नेमकी ती जागा उघडते.
- एक वही. फोनवर जमत असेल तर अंकी हे उजळणीचं अ‍ॅप.
- ऐकायला गप्पांचं काहीतरी: मुलाखती, दोघातिघांचे पॉडकास्ट. बातम्या नकोत, कारण बातम्यांची भाषा लिहून वाचलेली असते. अगदी सुरुवातीला बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'द इंग्लिश वी स्पीक' हा काही मिनिटांचा कार्यक्रम चांगला आहे.
- ज्याच्याशी आठवड्यातून एकदा तरी बोलता येईल असं एक माणूस.

हजारो इडियमचा संग्रह अजून विकत घेऊ नका. तो पुढे कधीतरी चाळायला ठीक आहे.

१. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

फ्रेझल व्हर्ब, इडियम आणि स्लँग ही तीन नावं एका दमात घेतली जातात, पण तिघांची गरज सारखी नाही.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला अप, आउट, ऑफ यांसारखा छोटा शब्द: गिव्ह अप, फाइंड आउट, पुट ऑफ. यांच्याशिवाय बोलणं होतच नाही. इडियम म्हणजे आपला वाक्प्रचार: शब्दांचा अर्थ एक, बोलण्याचा अर्थ दुसरा. ते कळले पाहिजेत, पण आपण वापरले नाहीत तर काही अडत नाही. स्लँग म्हणजे एखाद्या गटाची, वयाची किंवा काळाची बोली. ती कानावर पडली की ओळखता यावी, एवढंच पुरे.

म्हणून माझा हिशोब असा आहे: शिकायला दहा तास असतील तर सात फ्रेझल व्हर्बना, दोन इडियमना, एक स्लँगला. बहुतेक जण याच्या उलट करतात, कारण इडियम आणि स्लँग मजेशीर वाटतात आणि फ्रेझल व्हर्ब कंटाळवाणे.

२. आपली इंग्रजी पुस्तकी का वाटते ते समजून घ्या

इंग्लंडवर १०६६ साली नॉर्मन लोकांचा अंमल आला. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबार आणि कायद्याची भाषा फ्रेंच होती आणि विद्येची लॅटिन. सामान्य माणूस आपली जुनी इंग्रजीच बोलत राहिला. त्यामुळे आजही इंग्रजीत एकाच कामाला दोन शब्द सापडतात. टॉलरेट आणि पुट अप विथ. पोस्टपोन आणि पुट ऑफ. इन्व्हेस्टिगेट आणि लुक इंटू. पहिला कागदावरचा, दुसरा तोंडातला.

मराठीला हे नवीन नाही. निद्रा आणि झोप, भोजन आणि जेवण, प्रारंभ आणि सुरुवात. 'मी आता निद्रा घेतो' हे वाक्य चुकीचं नाही, पण घरात कोणी असं बोलत नाही. शाळेत आपण इंग्रजीची नेमकी ही 'निद्रा-भोजन' बाजू शिकलो. 'आय कॅनॉट टॉलरेट धिस नॉइज' बरोबर आहे, पण माणसं म्हणतात, 'आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज'.

म्हणजे आधी शिकलेलं वाया गेलेलं नाही. पत्रात, अहवालात, मुलाखतीच्या अर्जात तेच लागणार आहे. त्याच्या शेजारी बोलीतली जोडी बसवायची आहे.

३. छोटी यादी घ्या

फ्रेझल व्हर्ब हजारोंनी आहेत हे ऐकून धीर सोडू नका. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष लिहिलेल्या-बोललेल्या इंग्रजीचा संग्रह, तपासला. अवघी २० क्रियापदं आणि ८ छोटे शब्द यांच्या जोड्यांतूनच त्यातले निम्म्याहून अधिक फ्रेझल व्हर्ब तयार होतात, असं त्यांना दिसलं. पुढे २०१५ साली गार्निए आणि श्मिट यांनी सर्वाधिक वापरातले १५० फ्रेझल व्हर्ब आणि त्यांचे मिळून २८८ अर्थ अशी यादी केली. एका फ्रेझल व्हर्बला सरासरी दोनच अर्थ आले. शब्दकोशात एकाखाली आठ-दहा अर्थ दिसतात, त्या मानाने हे ओझं किती हलकं आहे बघा.

मी सुरुवात दहा क्रियापदांपासून केली: गो, कम, गेट, टेक, पुट, टर्न, लुक, ब्रिंग, गिव्ह, मेक. रोज तीनच जोड्या, त्याही ऐकलेल्या किंवा वाचलेल्या वाक्यातून उचललेल्या.

इथला सापळा असा: 'गेट'चे सगळे प्रयोग एका दिवसात घेऊन बसणं. गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट बाय, गेट ओव्हर, गेट थ्रू हे एकत्र पाठ केले की एकमेकांत मिसळतात आणि ऐन वेळी एकही नीट आठवत नाही. वेगवेगळ्या क्रियापदांचे तीन घ्या.

४. शेपटाकडे बघा

माझ्या बाबतीत गाठ सुटली ती इथे, म्हणून यावर जरा जास्त वेळ थांबते.

आपण मराठीत 'खा' म्हणतो आणि 'खाऊन टाक' म्हणतो. 'लिही' आणि 'लिहून घे'. 'कर' आणि 'करून बघ'. 'बोल' आणि 'बोलत राहा'. 'फेक' आणि 'फेकून दे'. मागे जोडलेल्या टाक, घे, बघ, राहा, दे यांचा मूळ अर्थ तिथे उरलेला नसतो. 'खाऊन टाक' म्हणताना कोणी काही टाकत नाही. ते शेपूट फक्त सांगतं की काम पुरतं संपवायचं आहे, की आजमावायचं आहे, की चालू ठेवायचं आहे. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही आणि तरी आपण कधी चुकत नाही.

इंग्रजीतला अप, आउट, ऑन पुष्कळदा हेच काम करतो.

अप: काम पुरतं करणं, संपवणं. ईट अप म्हणजे खाऊन टाक. यूज अप म्हणजे वापरून संपव. टिअर अप म्हणजे फाडून टाक.

ऑन: चालू राहणं. कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन. आपलं 'करत राहा'.

आउट: आत दडलेलं बाहेर येणं. फाइंड आउट, फिगर आउट, वर्क आउट म्हणजे शोधून काढणं, उलगडणं. मराठीतही आपण 'शोधून काढतो', तिथेही बाहेर येणं आहेच. दुसरा धागा संपण्याचा: रन आउट, सेल आउट.

ऑफ: सुटणं, तुटणं, दूर होणं. टेक ऑफ, कॉल ऑफ, ड्रॉप ऑफ, पुट ऑफ. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे रद्दच करणं. या दोघांत गल्लत झाली तर ठरलेली भेट उद्या आहे की नाहीच आहे हे कळणार नाही, तेव्हा हे दोन आधी पक्के करा.

डाउन: कमी होणं, शांत होणं किंवा कागदावर उतरणं. स्लो डाउन, काम डाउन (शांत हो), कट डाउन, राइट डाउन.

ओव्हर: वरून नजर फिरवणं, पुन्हा घोळवणं. लुक ओव्हर, गो ओव्हर, थिंक ओव्हर.

बॅक: परत. कॉल बॅक, गिव्ह बॅक, गेट बॅक टू. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे 'तुम्हाला कळवतो'. तो माणूस परत येणार नाही, त्याचं उत्तर येईल.

हा नियम नाही, हा अंदाजाचा आधार आहे. टर्न डाउन म्हणजे आवाज कमी करणं, हे पटकन जुळतं, पण त्याच टर्न डाउनचा अर्थ नकार देणं असाही होतो. फॉर्म भरण्याला फिल इन म्हणतात आणि फिल आउटही म्हणतात. 'आयम अप फॉर इट' आणि 'आयम डाउन फॉर इट' दोन्हींचा अर्थ एकच, माझी तयारी आहे. असं काही भेटलं की अडून बसू नका, वहीत टिपून पुढे जा.

५. 'इट' कुठे बसतं ते पाहून ठेवा

टर्न ऑफ द लाइट चालतं, टर्न द लाइट ऑफ हेही चालतं. पण 'द लाइट' जाऊन 'इट' आलं की ते मध्येच बसलं पाहिजे: टर्न इट ऑफ. 'टर्न ऑफ इट' हे कानाला लगेच खटकतं. पिक इट अप, फिगर इट आउट, थिंक इट ओव्हर हे सगळे याच जातीचे.

दुसरी जात तुटत नाही: लुक आफ्टर हर, रन इंटू हिम, गेट ओव्हर इट. तीन शब्दांचेही तुटत नाहीत: पुट अप विथ इट, रन आउट ऑफ इट. लुक फॉरवर्ड टू नंतर क्रियापदाचं 'आयएनजी'वालं रूप येतं: लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू. इथे 'टू मीट' लिहिण्याची चूक शिकलेली माणसंही करतात.

ओळखायचं कसं? पाठांतराने नाही. वहीत लिहितानाच 'इट' घालून लिहा. दोन महिन्यांत कान आपोआप सांगायला लागतो.

६. बोलीला बोलीची जोड द्या

आता माझ्या पद्धतीतला सर्वात महत्त्वाचा भाग. शब्दकोशातला अर्थ उतरवून घेऊ नका. 'मी हे मराठीत कसं म्हटलं असतं?' हा प्रश्न विचारा आणि जे तोंडात येईल ते लिहा.

पुट अप विथ म्हणजे 'सहन करणे' असं मी आधी लिहिलं होतं. ते कधी आठवलं नाही. 'खपवून घेणं' असं लिहिल्यावर एकदाच लिहावं लागलं. तोंडातला प्रयोग तोंडातल्याच प्रयोगाला चिकटतो. माझ्या वहीतल्या काही जोड्या:

- गिव्ह इन: नमतं घेणं
- गिव्ह अप: नाद सोडणं
- फॉल आउट: बिनसणं
- मेक अप, भांडणानंतरचं: पुन्हा गोडी होणं
- लेट डाउन: तोंडघशी पाडणं
- बॅक आउट: शब्द फिरवणं, अंग काढून घेणं
- चिकन आउट: ऐन वेळी कच खाणं
- ब्रश ऑफ: उडवून लावणं
- एग ऑन: भरीस घालणं
- लुक डाउन ऑन: कमी लेखणं
- गेट बाय: कसंबसं भागवणं
- ब्रिंग अप: विषय काढणं
- गेट अवे विथ: पचणं

शेवटचा प्रयोग बघा. 'ही लाइड अँड गॉट अवे विथ इट.' शब्दकोश म्हणतो, शिक्षा न होता सुटणं. मराठी माणूस म्हणतो, 'खोटं बोलला आणि ते पचलं.' एवढी नेमकी जोडी सापडली की तो प्रयोग आपला होतो. मला वाटतं, ज्याची मराठी बोली समृद्ध आहे त्याला ही इंग्रजी इतरांपेक्षा लवकर येऊ शकते. फक्त दोन्हींची गाठ घालून द्यायला हवी.

आता सापळा. ही वाट एकाच दिशेची आहे. इंग्रजीकडून मराठीकडे या, पण मराठी वाक्प्रचार शब्दशः इंग्रजीत नेऊ नका. 'डोकं खाऊ नकोस'चं 'डोन्ट ईट माय हेड' केलं तर समोरच्याला काहीच कळत नाही.

आणि जुळ्यांपासून सावध राहा. नक्राश्रू आणि क्रोकोडाइल टिअर्स हे खरोखर एकच आहेत. डोळेझाक करणं आणि टर्न अ ब्लाइंड आय हेही तसेच. पण 'हातपाय गार पडणं' आणि 'गेट कोल्ड फीट' हे एक नाहीत. आपले हातपाय समोर संकट पाहून गार पडतात. इंग्रजीतले पाय, आधी होकार दिलेल्या गोष्टीतून ऐन वेळी माघार घ्यावीशी वाटते तेव्हा थंड होतात. अपघात पाहून 'आय गॉट कोल्ड फीट' म्हटलं तर ते चुकेल.

असंच 'पास आउट'. आपल्याकडे कॉलेजमधून बाहेर पडण्याला सर्रास पास आउट म्हणतात. ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाला त्याचा अर्थ शुद्ध हरपणं असा वाटतो. तिथे ग्रॅज्युएट हाच शब्द वापरा.

७. कान तयार करा

लिहिलेलं कळतं आणि ऐकलेलं कळत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की शब्द एकमेकांत विरघळलेले असतात. गोइंग टू चं गोना, वाँट टू चं वॉना, गॉट टू चं गॉटा, डोन्ट नो चं डनो, लेट मी चं लेमी, काइंड ऑफ चं काइंडा. पिक इट अप हे 'पिकिटप' असं एका शब्दासारखं ऐकू येतं. हे ओळखता आले पाहिजेत. बोलताना जबरदस्तीने वापरायची गरज नाही आणि कामाच्या पत्रात लिहायचे तर नाहीतच.

जोराकडेही लक्ष द्या. क्रियापद असेल तेव्हा जोर बहुधा शेपटावर पडतो: ब्रेक *डाउन*, बॅक *अप*. नाम झालं की जोर पुढे सरकतो: *ब्रेक*डाउन, *बॅक*अप. हे एकदा लक्षात आलं की भरधाव वाक्यातही कान त्या शेपटाला पकडतो.

सराव असा करा. गप्पांच्या व्हिडिओतला एक मिनिटाचा तुकडा घ्या. आधी अक्षरं न बघता दोनदा ऐका, मग सबटायटल लावून ऐका, मग पुन्हा अक्षरं बंद करून. जो प्रयोग अडला तो यूग्लिशवर टाकून आणखी पाच-सहा तोंडून ऐका. आपोआप तयार झालेली सबटायटल चुकतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबून वहीत काही लिहू नका.

एक छोटा संवाद देते. दोन मित्र फोनवर बोलत आहेत.

"हे, यू स्टिल अप फॉर टुमॉरो?"
"याह, बट समथिंग्ज कम अप. कॅन वी पुश इट बॅक अ बिट?"
"शुअर. सेव्हन-इश?"
"वर्क्स फॉर मी. आयल गिव्ह यू अ शाउट व्हेन आयम डन."

यात एकही अवघड शब्द नाही. अप फॉर म्हणजे तयारी असणं. समथिंग्ज कम अप म्हणजे अचानक काहीतरी निघालंय. हा प्रयोग शिकून ठेवा, खुलासा न देता अडचण सांगायची ही सभ्य रीत आहे. पुश बॅक म्हणजे पुढे सरकवणं. मराठीत आपण भेट पुढे ढकलतो आणि इंग्रजी 'बॅक' म्हणते, त्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो. ऑफिसात 'ही पुश्ड बॅक' याचा अर्थ मात्र त्याने विरोध केला. सेव्हन-इश म्हणजे सातच्या सुमारास, आपलं 'सातेक'. वर्क्स फॉर मी, मला चालेल. गिव्ह अ शाउट, कळवीन. चार ओळींत सहा प्रयोग आले आणि त्यांतला एकही याद्यांमधल्या रंगीत इडियमपैकी नव्हता.

८. इडियम: ओळखायला भरपूर, बोलायला दहा

'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आपण सगळे शिकलो. पाऊस कोसळताना माणसं बहुधा 'इट्स पोरिंग' एवढंच म्हणतात. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण कोणाच्या दुःखाच्या वेळी ते तोंडातून गेलं तर क्रूर वाटेल. सांत्वन करताना 'पास्ड अवे' म्हणा.

रोज कानावर पडणारे आणि कुठेही चालणारे दहा मी निवडले होते. त्यांतले सर्वाधिक कामाला आले ते हे: कॉल इट अ डे (आजचं काम इथेच थांबवू), ऑन द सेम पेज (दोघांची समजूत एक), अंडर द वेदर (बरं वाटत नाही), ब्रेक द आइस (अवघडलेपण घालवणं), इट स्लिप्ड माय माइंड (लक्षातून गेलं), प्ले इट बाय इअर (ठरवून नको, वेळ येईल तसं बघू).

इडियमचं एक अक्षरही बदलता येत नाही. सेम पेजचं सेम पेपर होत नाही, पीस ऑफ केकचं पीसेस होत नाही. मराठीतही 'कच खाल्ली'च्या जागी 'कच घेतली' म्हटलं तर कान टवकारतात, तसंच हे.

बरेच इडियम खेळांतून आले आहेत. अमेरिकन माणूस बेसबॉलमधून बोलतो: टच बेस म्हणजे धावता संपर्क, बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ आकडा. ब्रिटिश माणूस क्रिकेटमधून: स्टिकी विकेट म्हणजे अडचणीची परिस्थिती, हिट फॉर सिक्स म्हणजे पार हादरवून टाकणं. खेळ माहीत असेल तर इडियम पाठ करावा लागत नाही, तो दिसतो.

९. स्लँग: ऐका, ओळखा, वापरायची घाई नको

स्लँगचं आयुष्य सांगता येत नाही. 'ओके' हा शब्द १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचं लघुरूप म्हणून छापून आला आणि जगभर टिकला. 'ग्रूव्ही' मात्र एका पिढीबरोबर जुना झाला. 'रिझ' हा करिश्मा या शब्दाच्या मधल्या भागातून आलेला मानतात. तो २०२३ साली ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला. पुढे किती टिकेल हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून स्लँग पाठ करण्यात वेळ घालवू नये असं माझं ठाम मत आहे.

तीन धोके मात्र माहीत हवेत.

पहिला देशाचा. ब्रिटनमध्ये 'पिस्ड' म्हणजे प्यायलेला, अमेरिकेत चिडलेला, आणि दोन्हीकडे शब्द असभ्यच. 'नॉक अप' म्हणजे जुन्या ब्रिटिश बोलण्यात दार ठोठावून उठवणं, अमेरिकेत गर्भवती करणं. 'वाइंड समवन अप' म्हणजे ब्रिटनमध्ये कोणाची फिरकी घेणं. मी पहिल्या कॉलवर ऐकलेल्या वाइंड अपचा हा आणखी एक अर्थ.

दुसरा दुहेरी अर्थाचा. मेक आउट म्हणजे नीट दिसणं, उमगणं, पण अमेरिकन बोलीत चुंबनं घेणंही. हुक अप म्हणजे जोडणं, पण शरीरसंबंधही. 'वी हुक्ड अप लास्ट वीक' हे 'आम्ही भेटलो' या अर्थाने कधीही म्हणू नका.

तिसरा माणसांचा. आज इंटरनेटवर फिरणारी बरीच स्लँग मुळात आफ्रिकन अमेरिकन समाजाच्या बोलीतली आहे. तिच्यामागे त्या लोकांचं जगणं आहे. बाहेरच्या माणसाने ती उसनी आणून मिरवली की खोटी वाटते, कधी अपमानकारकही. समजून घ्या, आदराने ऐका, नक्कल करू नका.

नवा शब्द अडला तर अर्बन डिक्शनरीवर अर्थ सापडेल. तिथले अर्थ कोणीही लिहितं, कित्येक नुसते थट्टेचे असतात. तिथे पाहिल्यावर वर सांगितलेल्या कोशांपैकी एकात ताडून घ्या आणि तिथे नसेल तर तो शब्द तूर्त वापरू नका.

१०. वहीतली एक नोंद

माझ्या वहीतली 'पुट ऑफ'ची नोंद जशीच्या तशी देते.

ऐकलेलं वाक्य: दे पुट द मीटिंग ऑफ टिल मंडे.
मी काय म्हटलं असतं: सोमवारवर ढकलली.
'इट' घालून: पुट इट ऑफ.
माझं खरं वाक्य: आय कीप पुटिंग ऑफ माय आय टेस्ट.
कुठे चालेल: सगळीकडे. औपचारिक पत्रात पोस्टपोन.

चौथी ओळ टाळू नका. वाक्य तुमच्या आयुष्यातलं हवं आणि खरं हवं. माझी डोळ्यांची तपासणी तेव्हा खरोखरच लांबणीवर पडत होती, म्हणून तो प्रयोग कायमचा बसला.

पुट ऑफचा दुसरा अर्थ आहे मन उडणं: द स्मेल पुट मी ऑफ. तो मी मुद्दाम त्याच नोंदीत लिहिला नाही. जेव्हा कानावर पडला तेव्हा वेगळ्या पानावर वेगळी नोंद केली. एका वेळी एकच अर्थ.

उजळणी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मराठी बाजू झाकून इंग्रजी वाचू नका. इंग्रजी झाकून मराठीवरून ते आठवा. बोलताना डोक्यात आधी अर्थ येतो आणि शब्द शोधावा लागतो, तेव्हा सरावही त्याच दिशेने हवा.

११. समोरासमोर नाही कळलं तर

मान हलवून पुढे जाऊ नका. त्या पहिल्या कॉलवर मी तेच केलं होतं. हे तीन प्रयोग तोंडात बसवून घ्या:

"सॉरी, आय हॅवन्ट हर्ड दॅट वन बिफोर. व्हॉट डझ इट मीन?"
"सो यू मीन वी आर स्टॉपिंग हिअर?"
"कॅन यू से दॅट अनदर वे?"

मधला सगळ्यांत उपयोगी आहे, कारण आपण आपला अंदाज साध्या शब्दांत परत सांगतो. बरोबर असेल तर समोरचा 'याह' म्हणतो, चूक असेल तर दुरुस्त करतो, आणि संभाषण थांबत नाही. मी हे विचारायला लागल्यापासून एकाही माणसाने तोंड वाकडं केलेलं आठवत नाही. उलट बरेच जण उत्साहाने आणखी दोन उदाहरणं देतात, आणि ती यादीतल्या उदाहरणांपेक्षा कितीतरी चांगली असतात.

नवा प्रयोग पहिल्यांदा वापरायचा तर ओळखीच्या माणसासमोर, साध्या विषयावर वापरा. नोकरीच्या मुलाखतीत किंवा तक्रारीच्या पत्रात पहिला प्रयोग नको. आणि एका वाक्यात एकच. तीन इडियम एकत्र कोंबले की बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं.

१२. पहिले सहा आठवडे

रोज वीस मिनिटं पुरतात. दहा मिनिटं ऐकणं, पाच मिनिटं तीन नोंदी, पाच मिनिटं जुनी उजळणी. रविवारी नवीन काही नाही, फक्त आठवड्याच्या अठरा नोंदींतल्या जमतील तेवढ्या वापरून कोणाशी तरी पंधरा मिनिटं बोला. कोणी मिळालं नाही तर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि 'इट' कुठे पडतंय ते ऐका. सहा आठवड्यांत शंभराच्या वर नोंदी होतात. त्यांतल्या पन्नासेक तोंडी आल्या तरी गाडी रुळावर आहे असं समजा.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या आठवड्यात ऐकलेला तोच एक मिनिटाचा तुकडा पुन्हा लावा, सबटायटल न लावता. जिथे अजूनही अडेल ते प्रयोग सातव्या आठवड्याच्या पहिल्या नोंदी म्हणून लिहून घ्या.